अपेक्षित काय होतं, प्रत्यक्षात काय झालं

इंदोऱ्यात झिंगरूमामाच्या दुकानात
मी कूलर दुरुस्त करतो, मार्च ते जून.
बाकीचे महिने गिझर, मिक्सर, येईल ते.
मामाचा नियम: पाणी भरायचं,
अर्धा तास चालवायचा, हात लावून पाहायचा,
मगच ठेल्यावर चढवायचा.
'कच्चा माल लोकाच्या घरी नाही जात, बे.'

रात्री अकरानंतर मी कच्चा माल खेळतो.
अजून पुरा न झालेला गेम,
दूरच्या कुठल्या कंपनीचा,
पाचशे जणांना आत सोडलंय, फुकट.
नदीला पाणी आहे, आवाज नाही.
घोड्याला सावली आहे,
कधी कधी नुसती सावलीच धावते.
पुलावर चाळिसाच्या वर माणसं चढली
की सगळे एक पाय हवेत धरून थिजतात,
मे महिन्यात दुपारी दोनला
कमाल चौक थिजतो तसे.

मग एक खिडकी उघडते:
अपेक्षित काय होतं?
प्रत्यक्षात काय झालं?
मी लिहितो. वेळ लिहितो, फोनचं मॉडेल लिहितो.
दोनशे चौदा वेळा लिहिलंय.

बहीण विचारते, पगार देतात का?
नाही.
नाव छापतात?
म्हणतात, शेवटी, बारीक अक्षरांत, पळतं.
मग तू त्यांचा कोण?
ती मेयोत नर्स आहे,
जास्तीच्या ड्यूटीचा हिशेब तिला तोंडपाठ.
मला उत्तर येत नाही.
मी टरबूज कापायला घेतो.

मामाला विचारलं, वाळा भरता भरता.
वाटलं, शिव्या देईल.
तो म्हणाला, धकातेबाईचा कूलर आठवते?
दुकानात तीनदा चालवला, गुपचूप चालला.
तिच्या घरी रात्री तीनला टक टक,
लेकरू उठे.
शेवटी मीच चटई घेऊन गेलो, झोपलो तिथं.
तीनला टाकीतलं पाणी उतरे,
पंप उघडा पडे, तो ओरडे.
'काही बिघाड झोपणाऱ्यालाच ऐकू येतात.'
वाळा दाबत राहिला.
मग म्हणाला,
'पण तिचे अर्धे पैसे मी वापस केले होते.'

हे कंपनीला कुठं लिहू?
फॉर्मात रकाना नाही.

आणि एक कबुली.
किल्ल्यामागं एक पायरी होती,
तिच्यावर उडी मारली की जमीन धरायची नाही.
मी पडलो तो थेट नकाशाच्या खाली.
वर झाडांची मुळं, सुरीनं कापल्यासारखी सपाट,
खेळणाऱ्यांचे तळवे, नदीची निळी पाठ.
आणि तिथं कुणीतरी आधीच उभं.
नाव सालेकसा७.
'तुम्हीपण पडले का?'

तिथं तलवार चालत नव्हती, गुण मिळत नव्हते.
बोलायचं तेवढं उरलं होतं.
त्यांच्याकडे टॉवर एकच, तोही वाऱ्याच्या मर्जीवर,
म्हणून वाक्यं अर्धीच पोचायची.
बाई की बुवा, मी विचारलं नाही.
अठरा रात्री आम्ही मुद्दाम पडलो.
दोघांनीही ती चूक कळवली नाही.

एकोणिसाव्या दिवशी
कुणा प्रामाणिक माणसानं कळवली.
नवी आवृत्ती आली.
मी पायरीवरून उडी मारली,
जमीन लागली. पक्की.

पूल आता शंभर जणांना पेलतो.
त्यातले चार-दोन खिळे माझे असतील,
वरून जाणाऱ्याला काय त्याचं.
मला मात्र जाताना
पायाखाली पाहायची सवय लागली आहे.

काल खिडकीनं पुन्हा विचारलं.
अपेक्षित: पडणं.
प्रत्यक्षात: उभा राहिलो.
गांभीर्य किती, तेही निवडावं लागतं.
मी 'किरकोळ'वर बोट ठेवलं.
बाजूला कूलर सुरू होता, मीच बसवलेला.
तीन वाजायला आले होते.
बोट उचललं,
आणि आधी ऐकत बसलो.